दुसऱ्या राज्यातून मुंबईत येताय? पगारवाढीचे पेढे वाटण्याआधी हा हिशेब मांडा

मुंबईत बदली झाली किंवा नवी नोकरी लागली की घरातल्या मोठ्यांची दोन वाक्यं ठरलेली असतात. ‘तिथे सगळं महाग’ आणि ‘महाराष्ट्रात टॅक्स फार’. आम्ही बंगळुरूहून मुंबईत आलो तेव्हा दोन्ही ऐकली. त्यानंतर हैदराबाद, इंदूर, पणजीहून येणाऱ्या ओळखीपाळखीच्या लोकांना फोनवर तेच तेच समजावून सांगत आलोय, म्हणून आता एकदाच सगळं लिहून ठेवतो.

माझं मत आधीच सांगतो. पगारदार माणसाचं मुंबईतलं गणित करामुळे सहसा बिघडत नाही. ते बिघडतं घराचं भाडं, पहिल्या महिन्यात लागणारी रोकड आणि ऑफिसपासूनचं अंतर यांमुळे. कराचा फरक खरोखर दिसतो तो गाडी, घरखरेदी आणि भाडेकरार या तीन ठिकाणी. म्हणून कराला घाबरण्यापेक्षा कुठला कर बदलतो आणि कुठला बदलत नाही हे आधी समजून घ्या.

१. करांचे दोन ढीग करा

एका ढिगात देशभर सारखे असणारे कर टाका: प्राप्तिकर आणि जीएसटी. राज्य बदललं म्हणून यांचे दर बदलत नाहीत. बंगळुरूत जो स्लॅब, तोच बोरिवलीत.

दुसऱ्या ढिगात राज्याचे आणि महापालिकेचे कर: व्यवसाय कर, वाहन कर, मुद्रांक शुल्क, पेट्रोल-डिझेलवरचा व्हॅट, विजेवरचं शुल्क आणि मालमत्ता कर. तुलना करायची ती फक्त या ढिगाची.

यातला व्यवसाय कर, म्हणजे सॅलरी स्लिपवरचा ‘पीटी’, सगळ्यांच्या नजरेत भरतो आणि सगळ्यांत कमी महत्त्वाचा असतो. राज्यघटनेनेच त्याला वर्षाला २,५०० रुपयांची मर्यादा घातली आहे. महाराष्ट्रात महिना १०,००० रुपयांच्या वर पगार असेल तर दरमहा २०० आणि फेब्रुवारीत ३०० रुपये कापले जातात. महिलांना २५,००० पर्यंतच्या पगारावर तो लागत नाही. दिल्ली, हरियाणा, उत्तर प्रदेश किंवा राजस्थानातून येत असाल तर ही कपात तुम्हाला नवीन वाटेल, कारण तिथे हा कर नाही. पण वर्षाकाठी २,५०० रुपयांवरून कुणी शहर निवडत नसतं.

एक कागद घ्या, दोन रकाने आखा, ‘सध्याचं शहर’ आणि ‘मुंबई’. पुढचा प्रत्येक आकडा महिन्याच्या रुपयांत त्यात लिहा. वार्षिक खर्च असेल तर बाराने भागा. एकदाच होणारा खर्च, जसं की डिपॉझिट आणि ट्रक, तो खाली वेगळा लिहा. हे दोन प्रकार एकत्र केले की डोक्यात नुसता गोंधळ उरतो.

२. ऑफर लेटर नीट वाचा

सीटीसीचा, म्हणजे कंपनीला तुमच्यावर वर्षाला येणाऱ्या एकूण खर्चाचा आकडा बाजूला ठेवा आणि बेसिक (मूळ पगार), एचआरए (घरभाडे भत्ता) आणि इतर भत्ते वेगवेगळे मागून घ्या. मुंबईत घरभाड्याचा आकडा मोठा असतो, त्यामुळे जुनी करप्रणाली घ्यायची की नवी, हा प्रश्न इथे आल्यावर पुन्हा सोडवावा लागतो. नव्या प्रणालीत एचआरएची सूट मिळत नाही. जुन्या प्रणालीत मिळते ती तीन आकड्यांपैकी सर्वांत लहान आकड्याएवढी: प्रत्यक्ष मिळणारा एचआरए, भरलेलं भाडं वजा पगाराचे १० टक्के, किंवा मुंबईत राहत असाल तर पगाराचे ५० टक्के. इथे पगार म्हणजे बेसिक आणि महागाई भत्ता.

उदाहरणच घेऊ. महिन्याचा पगार १,२०,००० रुपये, त्यात बेसिक ६०,०००, एचआरए ३०,००० आणि भाडं ४०,०००. तीन आकडे येतात ३०,०००, ३४,००० आणि ३०,०००. म्हणजे महिना ३०,००० आणि वर्षाला ३,६०,००० रुपयांची सूट. आता २०२५-२६ या आर्थिक वर्षाच्या दरांनी पाहा. नव्या प्रणालीत ७५,००० ची प्रमाणित वजावट जाऊन १३,६५,००० रुपयांवर सेससह ८८,१४० रुपये कर होतो. जुन्या प्रणालीत ५०,००० ची प्रमाणित वजावट, एचआरए, व्यवसाय कर आणि ८०सी कलमातल्या (पीएफ, विमा अशा) बचतीचे पूर्ण दीड लाख वजा केल्यावर ९१,५२० रुपये. जवळजवळ बरोबरी. त्यात आरोग्य विम्याच्या हप्त्याचे २५,००० धरले की जुनी प्रणाली ८६,३२० वर येते आणि किंचित स्वस्त पडते. छोट्या गावात १५,००० भाडं भरणाऱ्याला नवी प्रणाली डोळे मिटून घेता येते. मुंबईत हे गणित मांडूनच बघावं लागतं, कारण भाडं थोडं इकडे-तिकडे झालं की उत्तर फिरतं.

इथे एक बारीक मेख आहे. हे ५० टक्के घर कुठे आहे त्यावर ठरतात, ऑफिस कुठे आहे त्यावर नाही. मुलुंडचा चेकनाका ओलांडून ठाण्यात घर घेतलंत की तुम्ही मुंबईच्या हद्दीबाहेर गेलात आणि मर्यादा ४० टक्क्यांवर आली. वरच्या उदाहरणात ती सूट ३०,००० वरून २४,००० होते. २० टक्क्यांच्या स्लॅबमध्ये वर्षाला सुमारे १५,००० रुपयांचा फरक. अर्थात ठाण्यात तेवढंच घर कमी भाड्यात मिळालं तर हा फरक दोन-तीन महिन्यांतच भरून निघतो, पण हिशेबात धरलेला असावा.

वर्षाचं भाडं एक लाखाच्या वर असेल तर घरमालकाचा पॅन कंपनीला द्यावा लागतो. घर बघतानाच विचारून घ्या. पॅन द्यायला कां-कूं करणारा मालक नंतरही देत नाही. आणि महिन्याचं भाडं ५०,००० च्या वर गेलं तर २ टक्के टीडीएस कापून सरकारजमा करण्याची जबाबदारी तुमची, म्हणजे भाडेकरूची असते. त्यासाठी टॅन, म्हणजे कर कापणाऱ्यांना घ्यावा लागणारा वेगळा क्रमांक लागत नाही, पॅनवर काम होतं.

कंपनी ‘रिलोकेशन’चे पैसे देत असेल तर ते कोणत्या नावाखाली देते ते विचारा. बदलीमुळे सामान बांधणं, वाहतूक आणि प्रवास यांसाठी दिलेला भत्ता प्रत्यक्ष खर्चापुरता करमुक्त असतो, म्हणून बिलं जपून ठेवा. तेच पैसे ‘जॉइनिंग बोनस’ म्हणून दिले तर त्यांवर पूर्ण कर लागतो, शिवाय वर्षाच्या आत नोकरी सोडल्यास परत करण्याची अट बहुधा असतेच.

वर्षाच्या मधोमध कंपनी बदलत असाल तर जुन्या कंपनीतलं उत्पन्न आणि कापलेला कर नव्या कंपनीला लेखी कळवा. नाहीतर दोघेही तुम्हाला पहिल्या रुपयापासूनचा स्लॅब आणि प्रमाणित वजावट देतात आणि विवरणपत्र भरताना एकदम मोठी रक्कम अंगावर येते.

३. आधी रेल्वेची लाइन ठरवा, मग घर

बाहेरून येणारा माणूस नकाशावर किलोमीटर मोजतो. इथे माणसं मिनिटं आणि गाड्या बदलणं मोजतात. पश्चिम, मध्य, हार्बर आणि ठाणे ते वाशी-नेरूळकडे जाणारी ट्रान्सहार्बर, या चार लोकल लाइन आधी समजून घ्या. ऑफिस लोअर परळला असेल तर पश्चिम लाइनवरचं घर सोयीचं, पण मध्यवरून परळ किंवा करी रोडला उतरूनही चालत जाता येतं. बीकेसीला (वांद्रे-कुर्ला संकुल) वांद्रे आणि कुर्ला दोन्हीकडून रिक्षा-बस आहेत, आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये आरे ते कफ परेड अशी पूर्ण सुरू झालेली मेट्रो ३ थेट बीकेसीतून जाते. पवईला स्टेशनच नाही. कांजूरमार्ग किंवा विक्रोळीला उतरून पुढे बस किंवा रिक्षा, आणि पावसात तो शेवटचा टप्पाच सगळ्यात जास्त वेळ खातो. ऐरोली-घणसोलीत ऑफिस असेल तर अंधेरीत घर घेण्याचा वेडेपणा करू नका. ठाणे, मुलुंड, भांडुप बघा.

प्रवासभाडं ही मुंबईतली खरी स्वस्ताई आहे. लोकलच्या सेकंड क्लासचा महिन्याचा पास काही शे रुपयांत येतो. फर्स्ट क्लास आणि एसी लोकलचे पास त्याच्या कित्येक पट आहेत. कागदावर सेकंड क्लासचा आकडा लिहून मोकळे होऊ नका. ज्या स्टेशनवर घर बघताय तिथून सकाळी साडेआठला ऑफिसच्या दिशेने एकदा जाऊन बघा आणि मग खरा आकडा लिहा. डोंबिवलीहून रोज सीएसएमटीला जाणारे हजारो लोक आहेत आणि ते आनंदाने जातात असं नाही.

सायन-माहीमच्या दक्षिणेला रिक्षा चालत नाहीत, फक्त टॅक्सी. दादर किंवा गिरगावात राहणार असाल तर रिक्षाचं भाडं धरून केलेला हिशेब पुसा.

४. पहिल्या महिन्याची रोकड मोजा

बहुतेकांची दमछाक इथेच होते. पगारातून भाडं परवडतं, पण पहिल्याच आठवड्यात एकरकमी पैसे मोजावे लागतात. ४०,००० च्या घराला तीन महिन्यांचं डिपॉझिट धरलं तर १,२०,०००, पहिल्या महिन्याचं भाडं ४०,०००, एजंटची दलाली साधारण एका महिन्याच्या भाड्याइतकी म्हणजे आणखी ४०,०००. झाले दोन लाख. त्यात नोंदणीचा खर्च, ट्रक, पंखे-पडदे-गिझर. पहिला पगार हातात पडायच्या आधी ही रक्कम तयार हवी.

- दलाली एकदाच द्यायची की करार वाढवताना पुन्हा, हे आधीच ठरवून घ्या. काही एजंट दर ११ महिन्यांनी मागतात.
- जाहिरातीतलं क्षेत्रफळ कार्पेट (भिंतींच्या आतली वापरायची जागा) आहे की बिल्टअप (भिंती धरून) ते विचारा. हैदराबादच्या सुपर बिल्टअप (जिना-लिफ्टसारखी सामाईक जागाही धरलेल्या) आकड्यांना सरावलेल्या माणसाला मुंबईतला वन बीएचके बघून धक्का बसतो. पलंग, कपाट आणि सोफ्याची मापं टेपने मोजून आणा.
- मेंटेनन्स भाड्यात धरलंय का, ते करारात लिहून घ्या. घर भाड्याने दिलं म्हणून सोसायटी मालकाकडून जे जादा शुल्क घेते त्याला शासनाने सेवाशुल्काच्या १० टक्क्यांची मर्यादा घातलेली आहे, आणि ते मालकाने भरायचं असतं. ‘सोसायटीवाले मागतात’ म्हणून ते तुमच्या गळ्यात मारलं जातं.
- सामान हलवायची वेळ, लिफ्टचे पैसे, रविवारी परवानगी आहे का, हे सेक्रेटरींना भेटून विचारा. एजंटच्या तोंडी आश्वासनाला सोसायटीत कुणी विचारत नाही.

‘हेवी डिपॉझिट’ हा प्रकार बाहेरच्यांना माहीत नसतो. भरमसाठ रक्कम एकदम द्यायची आणि भाडं नाममात्र किंवा शून्य. ऐकायला गोड आहे, पण तुमचे पैसे मालकाच्या व्यवहारात अडकतात आणि निघताना ‘नवा भाडेकरू आला की देतो’ असं ऐकावं लागतं. मी तरी कुणाला सुचवणार नाही. पागडीच्या, म्हणजे एकरकमी पैसे देऊन नाममात्र भाड्यावर घेतलेल्या जुन्या घराचा विषय तर पूर्ण वेगळा आहे. नवख्याने वकिलाशिवाय त्याच्या वाटेला जाऊ नये.

आणि हो, काही सोसायट्यांत आडनाव आणि ताटातलं जेवण विचारून घर नाकारतात. मराठी माणसालाही मुंबईत हे ऐकून घ्यावं लागतं. अशा ठिकाणी वाद घालण्यात दिवस घालवण्यापेक्षा एजंटला पहिल्या फोनवरच ‘मासे खातो’ म्हणून सांगा, निम्म्या फेऱ्या वाचतात.

५. भाडेकरार नोंदवल्याशिवाय किल्ली घेऊ नका

इतर राज्यांतून येणारे इथे हमखास फसतात. बऱ्याच ठिकाणी ११ महिन्यांचा करार स्टॅम्पपेपरवर नोटरी करून भागतं. महाराष्ट्रात भागत नाही. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ च्या कलम ५५ नुसार लिव्ह अँड लायसन्सचा (ठरावीक मुदतीसाठी घर वापरायला देण्याचा, इथला नेहमीचा भाडेकरार) करार लेखी असला पाहिजे आणि नोंदवलेला असला पाहिजे, मुदत कितीही असो. नोंदणीची कायदेशीर जबाबदारी घरमालकाची आहे. करार नोंदवलेला नसेल आणि वाद झाला, तर अटींबाबत भाडेकरूचं म्हणणं ग्राह्य धरलं जातं, जोपर्यंत उलट सिद्ध होत नाही. मालक नोंदणी टाळत असेल तर त्याला हे कलम हसतमुखाने सांगा.

खर्च फार नाही. मुद्रांक शुल्क ०.२५ टक्के, आणि ते एकूण भाडं अधिक परत मिळणाऱ्या डिपॉझिटवर वर्षाला १० टक्के दराने धरलेलं व्याज, यांच्या बेरजेवर. आपल्या उदाहरणात ११ महिन्यांचं भाडं ४,४०,००० आणि डिपॉझिटवरचं व्याज ११,०००, म्हणून शुल्क येतं ११-१२शे रुपये. महापालिका हद्दीत नोंदणी फी १,००० रुपये. बाकी घरी येऊन अंगठे आणि फोटो घेणाऱ्याचे पैसे. ही नोंदणी ऑनलाइन होते, दुय्यम निबंधकाच्या कार्यालयात रांग लावावी लागत नाही. दोघांचे आधार, पॅन आणि दोन साक्षीदार लागतात.

एवढा आग्रह धरण्याचं आणखी एक कारण: हाच नोंदलेला करार पुढे आधारवरचा पत्ता, एचआरए, गॅस, शाळा, आरटीओ, सगळीकडे चालतो. भाडेकरूची माहिती पोलिसांना कळवणं मालकाचं काम आहे आणि तेही ऑनलाइन होतं. त्याची पावती मागून घ्या.

६. गाडी आणायची की विकायची

राज्याराज्यांतल्या करांचा फटका सर्वांत जास्त इथे बसतो. मोटार वाहन कायद्यानुसार गाडी दुसऱ्या राज्यात १२ महिन्यांपेक्षा जास्त काळ ठेवायची असेल तर तिथला नवा नोंदणी क्रमांक घ्यावा लागतो. महाराष्ट्रात पेट्रोल कारवरचा एकरकमी कर किमतीनुसार ११ ते १३ टक्के आणि डिझेलवर १३ ते १५ टक्के आहे. जुन्या गाडीला वयानुसार तो कमी बसतो, पण भरावा लागतोच. क्रम असा:

आधी जुन्या आरटीओकडून फॉर्म २८ वर ना-हरकत प्रमाणपत्र घ्या. कर्ज असेल तर बँकेचं पत्र त्याआधी. हे जुनं शहर सोडण्यापूर्वी उरका, इथे आल्यावर त्यासाठी पुन्हा तिकीट काढावं लागेल. मग तुमच्या पत्त्याच्या आरटीओत फॉर्म २७ भरून कर भरा. दक्षिण मुंबईला ताडदेव म्हणजे एमएच-०१, पश्चिम उपनगरांना अंधेरीचं एमएच-०२ आणि बोरिवलीचं एमएच-४७, पूर्व उपनगरांना वडाळ्याचं एमएच-०३. ठाण्यात राहिलात तर एमएच-०४, वाशीला एमएच-४३. नवा क्रमांक मिळाला की विम्यात तो बदला. शेवटी जुन्या राज्याकडे उरलेल्या वर्षांच्या कराचा परतावा मागा. हा शेवटचा भाग बहुतेक जण कंटाळून सोडून देतात. कर्नाटकात वाहन कर चांगलाच जड आहे, त्यामुळे तिकडून येणाऱ्यांनी तर मुळीच सोडू नये.

नवी गाडी घेणार असाल आणि बदल्यांची नोकरी असेल तर बीएच मालिकेचा, म्हणजे देशभर चालणाऱ्या ‘भारत’ नोंदणी क्रमांकाचा विचार करा. सरकारी, संरक्षण आणि सार्वजनिक उपक्रमांतले कर्मचारी, तसंच चार किंवा अधिक राज्यांत कार्यालयं असलेल्या खासगी कंपन्यांचे कर्मचारी यांना ती मिळते. कर दोन-दोन वर्षांचा भरायचा आणि राज्य बदललं तरी क्रमांक तोच.

पण त्याआधी सोसायटीत पार्किंग आहे का ते विचारा. नसेल तर गाडी रस्त्यावर, आणि पावसाळ्यात तिच्या पोटापर्यंत पाणी. पेट्रोलही इथे दिल्ली किंवा गुजरातपेक्षा लिटरमागे बरंच महाग पडतं, व्हॅटमुळे. दिलासा एवढाच की ऑक्टोबर २०२४ पासून मुंबईच्या पाचही प्रवेशनाक्यांवर हलक्या वाहनांना टोल नाही. अटल सेतू आणि वांद्रे-वरळी सागरी सेतूवर मात्र मोजावा लागतो. रोज लोकलने जाणार असाल तर माझा सल्ला सरळ आहे: जुनी गाडी तिकडेच विका.

७. वीज, पाणी आणि मागे सुटणाऱ्या सवलती

तुलना करताना लोक नवे खर्च मोजतात, सुटणाऱ्या सवलती विसरतात. कर्नाटकात गृहज्योतीमुळे २०० युनिटांच्या आतलं वीजबिल शून्य येत असेल, दिल्लीतही तसंच. मुंबईत पूर्ण बिल येणार, वर १६ टक्के वीज शुल्क. शहर भागात बेस्ट, उपनगरांत बव्हंशी अदानी किंवा टाटा, भांडुप-मुलुंडला महावितरण. दर वेगवेगळे असल्याने घर बघताना मालकाकडून मे महिन्याचं जुनं बिल मागा. दमट हवेत एसी किती चालतो ते त्यात दिसेल.

बंगळुरू, हैदराबाद, दिल्लीत महिलांचा सरकारी बसप्रवास फुकट आहे. महाराष्ट्रात एसटीत महिलांना निम्मं तिकीट आहे, बेस्टच्या बसमध्ये ही सवलत नाही. बेस्टचं किमान भाडं मे २०२५ पासून साध्या बसला १० आणि एसी बसला १२ रुपये आहे. घरातल्या दोघी रोज बसने जात असतील तर हा आकडा कागदावर येऊ द्या.

पाण्याच्या बाबतीत उलट. महापालिकेचं तलावांतलं पाणी मुंबईत नळाला येतं, टँकरचा महिन्याचा हप्ता सुटतो. वसई-विरार आणि घोडबंदर रोडच्या काही संकुलांत मात्र टँकर येतात. तिथे घर बघताना वॉचमनला विचारा, तो खरं सांगतो.

८. मुलं नववीच्या पुढे असतील तर आधी हे वाचा

इथला घोळ पैशांत मोजला तर बाकी सगळ्या करांपेक्षा महाग पडतो. महाराष्ट्रातल्या वैद्यकीय प्रवेशांच्या राज्य कोट्यासाठी अधिवासाबरोबरच दहावी आणि बारावी दोन्ही महाराष्ट्रातून झालेली असावी लागते. काही अपवाद आहेत, पण ते मुख्यतः सरकारी नोकरीतल्या बदल्यांशी जोडलेले आहेत. मूल दहावी तिकडे करून अकरावीला इथे आलं तर दोन्ही राज्यांच्या कोट्यांतून ते निसटू शकतं. अधिवास प्रमाणपत्राला साधारणपणे १५ वर्षांचं वास्तव्य लागतं. आईवडिलांचा जन्म किंवा अधिवास महाराष्ट्रातला असेल तर ते जुने कागद शोधून ठेवा. मूल नववीत असेल तर एकतर दहावीच्या आधी या, नाहीतर बारावी होऊ द्या.

लहान मुलांचं सोपं आहे. २०२० च्या कायद्याने सर्व मंडळांच्या शाळांत मराठी शिकवणं बंधनकारक आहे, त्यामुळे घरी मराठी बोलणाऱ्या पण देवनागरी न लिहिणाऱ्या आपल्या मुलांना सुट्टीत थोडं गिरवायला लावा.

९. सामान आणि पाऊस

जून ते सप्टेंबर टाळता आलं तर टाळा. टाळता येत नसेल तर गाद्या आणि पुस्तकं प्लास्टिकमध्ये दुहेरी बांधा. पॅकर्सना थेट विचारा, ट्रक दारापर्यंत येईल का? मोठे ट्रक बऱ्याचदा भिवंडीला थांबतात आणि सामान छोट्या टेम्पोत भरून आणतात. त्याचे पैसे आधीच्या दरात धरलेत का, ते लेखी घ्या. घरगुती वापरलेल्या सामानाला ई-वे बिल लागत नाही आणि मुंबईची जकात २०१७ मध्येच बंद झाली. त्या नावाने कुणी रस्त्यात पैसे मागितले तर देऊ नका.

तळमजल्याचं घर अचानक स्वस्तात मिळत असेल तर शेजाऱ्यांना फक्त पावसाळ्याबद्दल विचारा. हिंदमाता, किंग्ज सर्कल, अंधेरी सबवेच्या आसपास तर नक्कीच.

१०. घर विकत घ्यायचा मोह

पहिलं वर्ष भाड्यानेच राहा. मुंबईत खरेदीवर ६ टक्के मुद्रांक शुल्क आहे, घर महिलेच्या नावावर असेल तर ५ टक्के. नोंदणी फी १ टक्का, पण कमाल ३०,००० रुपये. एक कोटीच्या घरावर बायकोच्या नावाने घेतल्यास थेट एक लाख वाचतात. महापालिका हद्दीत ५०० चौरस फुटांपर्यंतच्या घरांना जानेवारी २०२२ पासून मालमत्ता कर माफ आहे, हेही लक्षात असू द्या.

११. स्वतःचा व्यवसाय असेल तर

जीएसटी क्रमांक राज्याशी बांधलेला असतो. कर्नाटकचा २९ ने सुरू होतो, महाराष्ट्राचा २७ ने. नुसता पत्ता बदलून चालत नाही. इथे नवी नोंदणी करायची, जुन्या राज्यातली रद्द करायची, आणि मधल्या काळात ग्राहकांना कुठल्या क्रमांकाने बिल द्यायचं ते सीएला विचारून ठरवायचं. व्यवसाय कराची नोंदणीही वेगळी करावी लागते, वर्षाला २,५०० रुपये.

१२. कागदांची पिशवी

सामानाच्या ट्रकमध्ये टाकू नका, हातातल्या बॅगेत ठेवा.

- आधार, पॅन, पासपोर्ट आकाराचे फोटो, सगळ्यांचे
- ऑफर लेटर, जुन्या कंपनीच्या शेवटच्या तीन सॅलरी स्लिप, पीएफ खात्याचा यूएएन क्रमांक
- मुलांचे शाळा सोडल्याचे दाखले, गुणपत्रिका, जन्मदाखले
- गाडीचं आरसी, विमा, पीयूसी, आरटीओचं ना-हरकत, कर भरल्याची पावती
- जुन्या घराचा करार आणि डिपॉझिट परत मिळाल्याचा पुरावा
- जुन्या गॅस कनेक्शनचं हस्तांतर किंवा सरेंडर पत्र
- आईवडिलांचे अधिवास किंवा जन्माचे जुने कागद, असतील तर

मुंबईत आल्यावर क्रम असा ठेवा: करार नोंदवा, त्यावर आधारचा पत्ता बदला, मग आधारवरून बँक, विमा आणि आरटीओ. ड्रायव्हिंग लायसन्स देशभर चालतं, त्याची घाई नाही. मतदारयादीसाठी नवं नाव नोंदवायचा फॉर्म ६ भरू नका. पत्ता बदलला असेल तर फॉर्म ८ भरायचा, म्हणजे जुन्या मतदारसंघातलं नाव तिथून निघून इकडे येतं.